विश्लेषण : शेजारच्या सेट-टॉप बॉक्सला नवे अपडेट आले, तुमच्याकडे अजून का नाही?

एकच इमारत, एकच मजला, डीटीएच कंपनीही एकच. गच्चीवर दोन्ही डिश एकमेकींना खेटून, एकाच दिशेला तोंड करून उभ्या. तरीही एका घरात सकाळी टीव्ही लावताच मेन्यू नव्या रूपात दिसतो, चॅनेल बदलायला लागणारा वेळ कमी झालेला असतो, आवाज मध्येच जाण्याची जुनी तक्रार मिटलेली असते. शेजारच्या घरात मात्र तोच जुना मेन्यू आणि तीच जुनी तक्रार. कस्टमर केअरला फोन केला की ‘बॉक्स बंद करून चालू करा’ हा सल्ला मिळतो. तो पाळूनही काही झाले नाही, तर ‘टप्प्याटप्प्याने येत आहे, वाट पाहा’ एवढेच ऐकायला मिळते. किती दिवस वाट पाहायची, हे फोनवरच्या प्रतिनिधीलाही सांगता येत नाही.

मोबाइलवर ओटीटी पाहणाऱ्या पिढीला हा विषय मागच्या जमान्यातला वाटेल. पण दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) आकडेवारीनुसार मार्च २०२४ मध्ये देशात पैसे भरून घेतलेल्या डीटीएच सेवेचे सुमारे ६.२ कोटी सक्रिय ग्राहक होते. दूरदर्शनच्या फ्री डिशची घरे यात धरलेली नाहीत. ही संख्या घटते आहे, हे खरे. तरीही इतक्या घरांत भिंतीवरच्या टीव्हीखाली एक छोटा संगणक बसलेला आहे. त्यात काय बदलायचे आणि कधी बदलायचे, हे घरमालक नाही तर कंपनी ठरवते. ते कसे ठरते आणि त्यात ग्राहकाला काय कळायला हवे, हा खरा प्रश्न आहे.

अपडेट आकाशातून येते तरी कसे?

मोबाइलचे अपडेट आपण मागवतो. फोन सर्व्हरला विचारतो, सर्व्हर फाइल पाठवतो, अर्धवट राहिली तर राहिलेला भाग पुन्हा मागता येतो. साध्या सेट-टॉप बॉक्सला ही सोय नाही. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सिग्नल खाली सोडतो आणि डिश तो झेलते. वर काही पाठवण्याची क्षमता त्या डिशमध्ये नसते. म्हणजे बॉक्सला ‘मला ही फाइल द्या’ असे म्हणताच येत नाही.

यावर प्रसारण तंत्रज्ञांनी काढलेला तोडगा साधा आहे. चॅनेलच्या चित्र-आवाजासोबत त्याच सिग्नलमध्ये सॉफ्टवेअरची फाइलही लहान लहान तुकडे करून सोडायची आणि शेवटचा तुकडा गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. याला ‘डेटा कॅरोसेल’ म्हणतात. पंगतीत वाढपी भाजीचे भांडे घेऊन फिरत असतो, तसेच हे. तुमच्या पानापाशी आला तेव्हा तुमचे लक्ष नव्हते, तर हाक मारून उपयोग नाही. तो पुढची फेरी घेऊन येईपर्यंत थांबायचे. पावसाची जोरदार सर आली आणि चार तुकडे निसटले, तर बॉक्स त्या चार तुकड्यांसाठी पुढच्या फेरीची वाट पाहतो.

फेरी किती वेळाची, हे कंपनी अपडेटला किती जागा देते यावर ठरते. समजा फाइल ४० मेगाबाइटची आहे आणि तिच्यासाठी सेकंदाला २५६ किलोबिटची वाट ठेवली आहे. एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे २१ मिनिटे लागतील. कंपनीचे दहा मॉडेलचे बॉक्स बाजारात असतील आणि दहा फाइल त्याच वाटेने आळीपाळीने जात असतील, तर तीच फेरी साडेतीन तासांची होते. वाट रुंद केली की काम लवकर होईल. पण उपग्रहावरची जागा भाड्याने घेतलेली असते आणि सेकंदाला एक-दोन मेगाबिटमध्ये एक साधा एसडी चॅनेल मावतो. ज्या जागेत चॅनेल चालवून पैसे मिळतात ती अपडेटला देणे कोणत्याच कंपनीच्या जिवावर येते. त्यामुळे वाट अरुंद ठेवून आठवडेच्या आठवडे फेऱ्या मारत राहणे परवडते.

मग सर्वांना एकदमच का देत नाहीत?

गंमत अशी की प्रसारणात ‘एकदम सर्वांना’ हेच सर्वांत सोपे आहे. सिग्नल काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकाच वेळी पोहोचतो. एका घराला पाठवा की कोटभर घरांना, खर्च तोच. इंटरनेटवर सर्व्हरवर ताण येतो म्हणून टप्पे करावे लागतात, हे कारण इथे लागू नाही. तरी टप्पे केले जातात, कारण भीती बिघाडाची आहे.

सेट-टॉप बॉक्सचे सॉफ्टवेअर त्याच्या फ्लॅश मेमरीत लिहिलेले असते. नवे सॉफ्टवेअर तिथे उतरताना वीज गेली, किंवा त्या सॉफ्टवेअरमध्येच अशी चूक असली की बॉक्स चालू होता होता पुन्हा पुन्हा बंद पडतो, तर सिग्नल पकडण्याची क्षमताच जाते. सिग्नल पकडता येत नसेल, तर चूक दुरुस्त करणारे पुढचे अपडेटही त्या बॉक्सपर्यंत पोहोचणार नाही. चांगल्या बनावटीच्या बॉक्समध्ये यासाठी एक छोटा संरक्षित प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर असतो. तो आलेल्या फाइलची डिजिटल स्वाक्षरी तपासतो. काही बॉक्समध्ये जुन्या सॉफ्टवेअरची प्रतही बाजूला राखलेली असते. पण मेमरीला पैसे पडतात, आणि स्वस्तात विकल्या जाणाऱ्या किंवा कनेक्शनसोबत जवळजवळ फुकट दिल्या जाणाऱ्या बॉक्समध्ये काटकसर कुठे झाली असेल हे सांगायला नको.

हिशेब करून पाहा. एखाद्या मॉडेलचे २० लाख बॉक्स घरोघरी आहेत आणि अपडेटमुळे त्यातले फक्त एक टक्का बंद पडले, तर २० हजार घरी तंत्रज्ञ पाठवावा लागेल. एका तंत्रज्ञाने दिवसाला आठ घरे केली, तरी हे अडीच हजार माणूस-दिवसांचे काम. त्यात गडचिरोलीतले एक घर आणि मुरबाडच्या वाडीतले एक घर आले, तर दिवसाला आठ हा आकडा विसरा.

टप्पे न केल्याची किंमत जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिली. ‘क्राउडस्ट्राइक’ या सायबर सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांसाठी एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सोडली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली. मध्ये गेलेली मिनिटे फक्त ७८. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख संगणक कोलमडले. जगभरात विमाने रखडली, भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास आले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढे आहे. ही कंपनी आपले मुख्य सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्यानेच सोडत होती. ही फाइल मात्र ‘छोटा तातडीचा बदल’ या प्रकारातली होती आणि त्या प्रकाराला टप्पे लावलेले नव्हते. नंतर कंपनीने तेही लावण्याचे जाहीर केले.

शेजाऱ्याचा नंबर आधी कसा लागला?

सिग्नल सर्वांना सारखाच मिळत असेल, तर एका बॉक्सने अपडेट घ्यावे आणि दुसऱ्याने घेऊ नये, हे कसे साधते? फाइलसोबत एक छोटी सूचना-यादीही प्रसारित होत असते. जगभर आणि भारतातही वापरल्या जाणाऱ्या ‘डीव्हीबी’ प्रसारण-मानकांमध्ये याची ठरलेली पद्धत आहे. काही कंपन्या स्वतःची पद्धत वापरतात, पण तत्त्व तेच. या यादीत लिहिलेले असते : हे सॉफ्टवेअर अमुक उत्पादकाच्या, अमुक हार्डवेअर मॉडेलसाठी, सध्या अमुक आवृत्ती असेल तरच घ्यावे, आणि बॉक्सचा अनुक्रमांक किंवा स्मार्ट कार्डचा क्रमांक अमुक ते अमुक या दरम्यान असेल तरच. बॉक्स ही यादी वाचतो, स्वतःचा क्रमांक ताडून पाहतो आणि आपण त्यात नसलो तर गप्प बसतो. समोरून फाइल फिरत असते, पण त्याचे पान अजून मांडलेले नसते.

त्यामुळे टप्पे जिल्ह्याप्रमाणे किंवा पिनकोडप्रमाणे पडतीलच असे नाही. क्रमांकांच्या पट्ट्यांप्रमाणे ते पाडणे सर्वांत सोयीचे असते. शेजाऱ्याचा बॉक्स कारखान्यातून वेगळ्या महिन्यात बाहेर पडला असेल, तर त्याचा नंबर वेगळ्या पट्टीत. एकाच कंपनीचे नाव छापलेले, दिसायला सारखे बॉक्सही वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या चिपवर बनलेले असू शकतात. बॉक्स उलटा करून खालच्या लेबलवरचे मॉडेल पाहिले की बऱ्याचदा ‘त्याला का आणि मला का नाही’ याचे उत्तर तिथेच मिळते. तो पहिल्या पंगतीत बसला म्हणून तुमच्यावर अन्याय झाला असे नाही; त्याच्या पानात वेगळाच पदार्थ होता.

हे मॉडेल ताडून पाहणे किती महत्त्वाचे, याचा एक नमुना ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत दिसला. ‘लॉकस्टेट’ नावाच्या कंपनीने इंटरनेटला जोडलेल्या दरवाजाच्या कुलपांना अपडेट पाठवले, पण एका मॉडेलचे सॉफ्टवेअर दुसऱ्या मॉडेलला गेले. सुमारे ५०० ग्राहकांची कुलपे निकामी झाली. दुसरे अपडेट पाठवून ती सुधारताही येईनात. कुलूप काढून कंपनीकडे पाठवा किंवा नवे घ्या, असे सांगण्याची वेळ आली.

दोन टप्प्यांत इतके दिवस का जातात?

मोबाइल अॅप बनवणाऱ्यांना हे काम सोपे आहे. गुगल प्ले स्टोअरवर अॅपची नवी आवृत्ती आधी एक टक्का लोकांना देता येते. अॅप बंद पडले की त्याची नोंद आपोआप परत येते, आकडा वाढताना दिसला की तिथेच थांबवता येते. सारे काही तासांत.

डिशला मात्र परतीची वाट नाही. बॉक्सने अपडेट घेतले की नाही, घेतल्यावर तो चालला की नाही, हे त्याला कंपनीला कळवता येत नाही. कंपनीला ते कळते ग्राहकाचा फोन वाजल्यावर. आणि ग्राहक लगेच फोन करत नाही. पहिल्या दिवशी तो बॉक्सवर टपली मारतो, दुसऱ्या दिवशी केबल हलवतो, तिसऱ्या दिवशी मुलाला किंवा भाच्याला बोलावतो आणि मग कधीतरी फोन करतो. त्या फोनमधून ‘हा पावसाचा त्रास, हा रिचार्ज संपल्याचा, आणि हा अपडेटचा’ हे वेगळे काढायला आणखी दिवस. म्हणून पहिला टप्पा सोडल्यावर आठवडाभर थांबणे हा आळस नाही. त्या यंत्रणेत माहिती परत यायला लागणारा तोच वेळ आहे.

अलीकडचे अँड्रॉइडवर चालणारे, वायफायला जोडता येणारे बॉक्स याला अपवाद. एअरटेल, टाटा प्ले, डिश टीव्ही अशा कंपन्यांनी २०१९-२० पासून ते बाजारात आणले. त्यांचे अपडेट इंटरनेटवरून येते, तक्रारही इंटरनेटवरून जाते. बॉक्स कोणता आहे यावर वाट पाहण्याचा काळ ठरतो, तो असा.

रात्री बटण बंद करणाऱ्यांनी काय करावे?

इथे कंपन्यांची गृहीते आणि मराठी घरांची सवय यांची गाठ पडते. ग्राहक झोपताना रिमोटने बॉक्स ‘स्टँडबाय’वर ठेवेल, मध्यरात्री तो गुपचूप अपडेट घेईल, सकाळी काही झालेच नाही असे वाटेल, अशी कंपन्यांची कल्पना. स्टँडबायमध्ये टीव्हीवर चित्र नसते, पण बॉक्सचा कान उघडा असतो. प्रत्यक्षात असंख्य घरांत झोपण्यापूर्वी भिंतीवरचे बटणच बंद केले जाते. लहानपणापासूनची शिकवण तीच आहे, आणि ती चूक म्हणता येणार नाही. स्टँडबायमध्ये बॉक्स १० वॉट घेतो असे धरले, तर रात्रीच्या आठ तासांचे महिन्याला २.४ युनिट होतात. आठ रुपये दराने १९ रुपये. फार नाहीत, पण फुकटही नाहीत. ज्या घरात प्रत्येक युनिटचा हिशेब ठेवला जातो, तिथे हा सल्ला ऐकला जाणार नाही.

पावसाळ्यापूर्वीचा वळीव आणि परतीचा पाऊस या काळात राज्यात विजा जास्त पडतात. ढग गडगडले की प्लग काढायचा, डिशची केबलही सोडवायची, हे कोकणात आणि मराठवाड्यात घरोघरी केले जाते. ते शहाणपणाचेच आहे. शिवाय डीटीएचचा सिग्नल ‘केयू’ नावाच्या लहरपट्ट्यात असतो आणि या लहरी मुसळधार पावसात शोषल्या जातात. म्हणजे जूनपासून पुढचे चार महिने पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉक्ससाठी अपडेट मिळण्याची संधी कमी. त्यात ग्रामीण भागातली खंडित वीज. टप्पा आला आणि गेला तरी बॉक्स झोपलेलाच, असे होते. नंतर कधीतरी दिवसा, ऐन मालिकेच्या किंवा सामन्याच्या वेळी, तोच बॉक्स ‘अपडेट होत आहे, बंद करू नका’ अशी पाटी दाखवतो आणि वैतागलेला माणूस नेमके बटण बंद करतो. बॉक्स निकामी होण्याचा धोका सर्वाधिक असतो तो याच क्षणी.

व्यवहारी मार्ग मधला आहे. विजांचा धोका नसेल अशा आठवड्यातल्या एखाद्या रात्री बॉक्स स्टँडबायवर सोडावा. अपडेट बहुतेक वेळा बरेच दिवस फिरत असते, एखादी रात्र पुरते. पाटी दिसली की हात लावू नये, मग पंधरा मिनिटे लागोत की तास. आणि फोनवर कोणी ‘बॉक्स अपडेट करायचा आहे’ म्हणून ओटीपी मागितला, एखादे अॅप उतरवायला सांगितले किंवा पैसे भरायला लावले, तर फोन ठेवून द्यावा. खरे अपडेट डिशमधून किंवा बॉक्सच्या स्वतःच्या इंटरनेटवरून येते. त्याला ओटीपी लागत नाही.

अपडेट नाही घेतले तर बिघडले काय?

नव्या मेन्यूसाठी कोणी जीव टाकत नाही. अनेकांना जुनाच बरा वाटतो. पण याच वाटेने सुरक्षेचे बदलही येतात, आणि ती बाजू दिसत नाही. याचा सर्वांत नाट्यमय किस्सा अमेरिकेतल्या ‘डायरेक्टीव्ही’चा. तिथे बनावट केलेल्या कार्डांवर फुकट चॅनेल पाहणाऱ्यांची संख्या मोठी होती. कंपनी काही महिने उपग्रहावरून कार्डांकडे किरकोळ वाटणारे तुकडे पाठवत राहिली. पाहणाऱ्याला काही कळत नव्हते, एकेका तुकड्याला अर्थही नव्हता. रविवारी, २१ जानेवारी २००१ रोजी, सुपर बोलच्या अंतिम सामन्याला एक आठवडा राहिला असताना, ते सारे तुकडे एकत्र कामाला लागले आणि बनावट कार्डे कायमची बंद पडली. त्यांच्या मेमरीच्या पहिल्या आठ जागांवर इंग्रजीत ‘गेम ओव्हर’ ही आठ अक्षरे लिहून ठेवलेली होती. अधिकृत ग्राहकांच्या टीव्हीवर काहीच झाले नाही. त्या दिवसाला आजही ‘ब्लॅक संडे’ म्हटले जाते. टप्प्याटप्प्याने पाठवण्याचा हा असाही उपयोग.

दुसरा किस्सा उलट दिशेचा आहे आणि जास्त काळजीचा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्याच पहाटे, ‘व्हायासॅट’ कंपनीच्या उपग्रह-इंटरनेट सेवेच्या व्यवस्थापन जाळ्यात हल्लेखोर शिरले. त्यांनी ग्राहकांच्या घरातल्या मॉडेमना, कंपनीच पाठवत असल्यासारखे, आदेश पाठवून फ्लॅश मेमरी पुसून टाकली. हजारो मॉडेम एका सकाळी मुके झाले. जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांशी दूरस्थ संपर्क तुटला. कंपनीला जवळपास ३० हजार मॉडेम बदलून द्यावे लागले. डिशखाली बसलेल्या पेटीला दुरून आदेश देण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याची चावी किती जपायला हवी, याचे हे उदाहरण. टप्प्यांची शिस्त असेल तर असा हल्लाही एका झटक्यात सर्वांपर्यंत पोहोचवणे अवघड होते, हा आणखी एक फायदा.

वाट पाहायला हरकत नाही. पण सांगणार कोण?

थोडक्यात, कंपन्या टप्पे करतात ते योग्यच करतात. आक्षेप त्यांच्या मौनावर आहे. रेल्वेची गाडी उशिरा येणार असेल तर फलाटावर किमान घोषणा तरी होते. सेट-टॉप बॉक्सच्या बाबतीत कोणत्या मॉडेलसाठी कोणती आवृत्ती निघाली, ती कोणत्या तारखेपासून सुटते आहे, कोणती तक्रार तिने सुटणार आहे, यातले काही ग्राहकाला सहसा सांगितले जात नाही. कस्टमर केअरच्या प्रतिनिधीलाही पुष्कळदा ठाऊक नसते. त्यामुळे तो पाठ केलेला सल्ला देतो आणि ग्राहक दिवसातून चार वेळा बॉक्स बंद-चालू करत बसतो. ज्या बॉक्सचा नंबर यादीतच नाही, तो चाळीस वेळा चालू केला तरी अपडेट येणार नाही, हे एक वाक्य सांगितले असते तर दोघांचा वेळ वाचला असता.

हे अवघडही नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलनिहाय एक तक्ता आणि त्यापुढे आवृत्ती व तारीख. ग्राहकाने नोंदणीकृत मोबाइलवरून एसएमएस केला की ‘तुमचा बॉक्स दुसऱ्या टप्प्यात, अमुक आठवड्यात’ असे उत्तर. रिचार्ज संपायच्या आधी तीन-तीन संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेला हा चौथा जड जाऊ नये.

दुसरा मुद्दा पहिल्या टप्प्यातल्या लोकांचा. अपडेट आधी कर्मचाऱ्यांच्या घरी चालवून पाहिले जाते, पण प्रयोगशाळेत न सापडलेली चूक शेवटी कोणाच्या तरी दिवाणखान्यात सापडते. तो कोणी असावा, हे आज बॉक्सच्या क्रमांकावरून ठरते आणि त्याला कोणी विचारत नाही. डायरेक्टीव्हीनेच अमेरिकेत एके काळी यावर वेगळा मार्ग काढला होता. ‘कटिंग एज’ या नावाने चाचणीतली आवृत्ती ठरावीक वेळी खुली होई आणि ज्या हौशी ग्राहकांना धोका मान्य असे, ते रिमोटवरची ठरलेली बटणे दाबून ती स्वतः उतरवून घेत. बिघडले तर त्यांना जुनी आवृत्ती परत घेता येई. आपल्याकडे नवे काही आधी मिळावे म्हणून उत्साही असणाऱ्यांची कमी नाही. त्यांना स्वेच्छेने पहिल्या पंगतीत बसू द्यावे आणि साताऱ्यातल्या एखाद्या आजींच्या बॉक्सवर प्रयोग करू नये, ही अपेक्षा फार नाही.

तिसरा मुद्दा मुदतीचा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडता येणारी ग्राहकोपयोगी उपकरणे विकताना, सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे सांगणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. सेट-टॉप बॉक्सच्या खोक्यावर अशी तारीख असायला हवी. कारण हा बॉक्स दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. ट्रायने एप्रिल २०२० मध्ये सेट-टॉप बॉक्स एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे चालतील असे असावेत, अशी शिफारस केली होती. ती प्रत्यक्षात उतरली असती, तर अपडेटची वाट पाहून कंटाळलेल्या ग्राहकाला निदान पर्याय मिळाला असता. पर्याय नसेल, तर माहिती देण्याची जबाबदारी वाढते.

काही बॉक्सना अपडेट कधीच मिळणार नाही का?

हो, आणि हे स्पष्ट सांगितले गेले तर लोक वाट पाहत बसणार नाहीत. जुन्या बॉक्समधली चिप ‘एमपेग-२’ पद्धतीने बांधलेले चित्रच उलगडू शकते. नवे चॅनेल ‘एमपेग-४’मध्ये असतात. हे उलगडण्याचे काम चिपमध्येच कोरलेले असल्याने कितीही अपडेट केले तरी जुन्या बॉक्सवर ते दिसत नाहीत. फ्री डिशच्या घरांना हा अनुभव नवा नाही. तिथे मासिक शुल्क नाही, म्हणून ग्राहकांची यादी नाही. बॉक्स कोणत्या कंपनीचा याला धरबंध नाही. अपडेट आलेच तर पेनड्राइव्हने करावे लागते. चॅनेलची जागा बदलली, की रिमोट हातात घेऊन पुन्हा स्कॅन करणे एवढेच हाती उरते.

गणपतीला गावी जाणाऱ्यांसाठी

वर्षातले दहा महिने बंद असलेल्या घरात बॉक्सवर धूळ आणि आत जुने सॉफ्टवेअर साठलेले असते. शिवाय चॅनेल पाहण्याचा परवानाही उपग्रहावरून ठरावीक काळाने नव्याने यावा लागतो. बॉक्स बंद असल्याने तो आलेला नसतो. म्हणून रिचार्ज केल्यावरही चॅनेल दिसत नाहीत आणि त्याच वेळी साचलेले अपडेट सुरू होते. चतुर्थीच्या सकाळी हा घोळ नको असेल, तर घर उघडल्याबरोबर, पाऊस उघडलेला असताना, आधी बॉक्स चालू करून एखाद्या साध्या चॅनेलवर ठेवावा. रिचार्ज करावे, कंपनीच्या अॅपवरून किंवा एसएमएसने परवाना ‘रिफ्रेश’ करून घ्यावा आणि मग रात्रभर स्टँडबायवर सोडावा. सिग्नलची ताकद मेन्यूत कमी दिसत असेल, तर अपडेटला दोष देण्यापूर्वी गच्चीवर जाऊन पाहावे. वर्षभरात वाढलेली आंब्याची फांदी डिशच्या समोर आलेली असू शकते.